मिनिटाला एकदा दार ठोठावणारा

सुरुवातीलाच माफी मागतो. आयुष्यभर स्टेशन डायरी आणि जबाब लिहिले. असे काही लिहायची सवय नाही. बारावीनंतर भरती झालो, फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "आठवतं ते लिहा," म्हणून धीर केला. नावे देत नाही.

प्रकरण मोठे नव्हते, तरी मनातून गेलेले नाही.

विरारचे एक निवृत्त शिक्षक अर्ज घेऊन आले. वसईतल्या बागायती करणाऱ्या वाडीवाल्यांची जुनी लग्नगीते त्यांनी गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केली होती. फ्लॅटमधल्या छोट्या संगणकावरून ती दिवसभर इंटरनेटवर ऐकवत. लिंक उघडली की रेडिओसारखी गाणी सुरू.

"साहेब, कोणीतरी माझा रेडिओ पाडतंय. ऐकणारे मोजून बारा. त्यातला हा एकजण मिनिटामिनिटाला दार ठोठावतो आणि पळतो."

"गाणी आवडली नसतील, काका," हवालदार हसला.

"तुमच्या लग्नात डीजे होता वाटतं," काका फणकारले.

त्यांनी संगणकातल्या नोंदींची यादी आणली होती, कोण केव्हा लिंकवर आले त्याची. त्यावरून सायबर शाखेने पत्ता काढून दिला. गास गावातले घर. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आईबरोबर पोलीस ठाण्यात आली. महिला शिपाई शेजारी बसली.

"नोकरीला लागायचंय ना? चारित्र्य पडताळणी माझ्याच टेबलावर येते," मी म्हणालो. या वाक्याने माणसे बोलती होतात, असा अनुभव होता.

लॅपटॉप न सोडता ती बोलली. "सर, माझा प्रोग्रॅम फक्त लिंक चालू आहे का ते बघतो. चालू असेल तर तासाने परत. बंद असेल तर दर मिनिटाला, चालू होईपर्यंत."

"कशासाठी?"

"पप्पांसाठी."

आई मध्येच म्हणाली, "झटका आला तेवापासून त्यांचे हात हलत नाय, साहेब. बोलनं पन गेलं. आमी दोघी दिवसभर बाहेर. गानी थांबली का नुसते छताकडं बघत रातात. हिनं काय केलंय, रेडिओ बंद पडला का लॅपटॉपवरनं आपोआप दुसरी गानी लागतात, आनि रेडिओ आला का परत हीच."

मला निम्मेच पटले. लॅपटॉप 'चौकशीपुरता' ठेवून घेतला. पंचनामा केला नाही. ते नियमात बसत नव्हते, हे तेव्हाही माहीत होते.

नवव्या दिवशी सविस्तर जबाबासाठी काकांच्या फ्लॅटवर गेलो. चारच्या सुमारास नळाला पाणी आले आणि वॉचमनने पंप लावला. ट्यूबलाइट मंदावली, त्या छोट्या संगणकाचा दिवा विझला आणि गाणे तुटले. दिवा लगेच परत लागला, पण गाणे सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे गेली. काका बोलतच राहिले. त्यांना ऐकू कमी येत होते.

ठाण्यात येऊन मुलीला बोलावले, तिच्या लॅपटॉपमधल्या नोंदी उघडायला लावल्या. प्रत्येक वेळी आधी 'बंद', मग मिनिटाला एक ठोठावणे. आणि 'बंद'च्या वेळा म्हणजे सोसायटीच्या पाण्याच्या वेळा.

काकांना फोन लावला. "काका, तुमचा रेडिओ सोसायटीचा पंप पाडतोय."

"मग ती मुलगी?"

"ती तुमची वाट बघत असते."

मग काका म्हणाले, "माझा अर्ज फाडून टाका."

अर्ज असा फाडता येत नाही. त्यांचा जबाब घेऊन तो रीतसर निकाली काढला.

लॅपटॉप मी स्वतः गासला पोचवला. वडील खाटेवर, उशाशी मुका टॅब. "नऊ दिस झाले, साहेब," आई एवढेच म्हणाली. मुलीने लॅपटॉप जोडला, गाणे लागले आणि त्या माणसाचे ओठ हलू लागले. मी टोपी हातात घेऊन उभा होतो.

आमचा गस्तीवाला बंद दुकानाचे कुलूप ओढून बघतो, वहीत सही करतो, पुढे जातो. त्याला कोणी चोर म्हणत नाही. तिचा प्रोग्रॅम दुसरे काय करत होता? बाहेर उभा असलेला माणूस कशासाठी आलाय हे आधी विचारावे, धमकी नंतरही देता येते. हे मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शिकलो.

तिच्या पडताळणीचा कागद आला तेव्हा पहिली सही माझी होती. पुढे बदली झाली, मग निवृत्ती. त्या घरची चौकशी करायची लाज वाटायची.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "सर, काका गेले. जायच्या आधी संगणक आणि सगळी गाणी माझ्याकडे देऊन गेले. आता रेडिओ आमच्या घरून चालतो. आमच्या पंपाची विजेची लाइन वेगळी घेतलीय."

विचारू की नको, असे झाले. तरी विचारले, "आणि पप्पा?"

"आहेत की. ऐकतायत."