राबियाचा बिनवायरचा प्रिंटर

बीबी गावाच्या बसस्टँडजवळ राबियाचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. पाटीवर मात्र नाव तिच्या धाकट्या भावाचं, अकीलचं. अर्ज भरते ती, लोकांची बोलणी खाते ती, आणि अकील बाहेर खुर्ची टाकून मालकासारखा बसतो. ते पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कॉम्प्युटर जुना घेतलेला, त्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम. प्रिंटरसोबतची सीडी त्यात चालेना, म्हणून मेहकरच्या मेकॅनिकनं प्रिंटर वाय-फायवर जोडायचं ठरवलं. दुकानात राउटर नव्हता, फोनचाच हॉटस्पॉट. ‘कोणाच्या फोनवर जोडू?’ त्यानं विचारलं. राबिया आपला फोन पुढे करत होती, तेवढ्यात तिचे अब्बा रहेमतुल्लाचाचा म्हणाले, ‘पोराच्या फोनवर जोडा. दुकान त्याचं हाये.’ झालं! कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही अकीलच्या दावणीला बांधले गेले.

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली त्या वर्षी आमच्या शेजारच्या सुभद्राबाईंना मोटरसायकलवर घेऊन मी तिथं गेलो. नुकसानीचा अर्ज छापून, सही करून लोणारच्या कृषी कार्यालयात द्यायचा होता आणि शेवटचा दिवस तोच. अर्ज नाही तर पंचनामा नाही, पंचनामा नाही तर भरपाई नाही. सुभद्राबाईंनी पदरातून बोंड काढलं आणि टेबलावर फोडलं. आत अळी वळवळत होती.

‘बियाची थैली इकतानी म्हने, याले बोंडअळी लागत नाही,’ त्या कडाडल्या. ‘मंग हे काय हाये? माही सासू?’

राबियानं कॉम्प्युटरमध्ये आधीच उतरवून ठेवलेला अर्ज भरून प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म. अकील मित्राची नवी गाडी बघायला सुलतानपूरला गेला होता. त्याच्या खिशात फोन, फोनसोबत हॉटस्पॉटही गेला. राबियानं फोन लावला, तर नवाब म्हणतात, जेवून येतो, एवढी घाई काय आहे! दुसऱ्या दुकानाची रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती.

‘काऊन वं बाई,’ सुभद्राबाई म्हणाल्या, ‘माह्यं वावर का त्याच्या खिशात हाये?’

राबिया रागानं लाल झाली. प्रिंटर आपल्या फोनवर नव्यानं जोडायचा, तर त्याच्या इवल्याशा पडद्यावर बाण दाबत एकेक अक्षर लिहावं लागे. तेवढा वेळ नव्हता. मग तिनं लिनक्समध्ये साठवलेला अकीलच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड उघडून पाहिला, स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटला तोच पासवर्ड दिला आणि नावही तेच दिलं, ‘अकील’. दात खाऊन दिलं. थोड्या वेळानं दोन्ही यंत्रं तो अकीलचाच फोन समजून गपगुमान जोडली गेली. कामाला बहीण, पण नाव भावाचं दिसल्याशिवाय यंत्रसुद्धा हलत नाही, याचा मला भयंकर संताप आला. कागद मात्र बाहेर आला. मी गाडी पळवली आणि अर्जावर वेळेत शिक्का पडला.

परत येताना हे सांगायला दुकानात थांबलो. अकील आला होता. झाला प्रकार ऐकून तो मांडी थोपटत चार लोकांसमोर म्हणाला, ‘पाहा, शेवटी माह्याच नावावर चाललं ना!’

चाचा हसले. राबिया हसली नाही. तिनं कॉम्प्युटरमधली प्रिंटरची जुनी नोंद काढून टाकली, आपल्या हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलले आणि प्रिंटरसमोर उभी राहिली. बाण दाबत तिनं पडद्यावरच्या यादीत आपलं नाव शोधलं आणि एकेक अक्षर करत नवा पासवर्ड घातला. कॉम्प्युटरही त्याच हॉटस्पॉटवर घेतला आणि त्यावर प्रिंटर पुन्हा जोडला.

अकीलला स्वतःच्या गाडीचा विमा छापायचा होता. ‘आपा, नया पासवर्ड क्या है?’ त्यानं फोन काढत विचारलं.

राबियानं मानही वर केली नाही. ‘बाहर बैठ,’ ती म्हणाली. ‘नंबर आया तो निकाल देती.’