मुश्ताकभाईंची निरोपाची जेवणं

सोळाव्या शतकातले युरोपातले भामटे आणि भटके हा माझा विषय. शारजातल्या घरी बसून मी तो पुण्याच्या मुलांना ऑनलाइन शिकवते. जहाज बुडाल्याची थाप मारून गावोगाव जेवत फिरणारे खोटे खलाशी मला तोंडपाठ आहेत. तरीही मुश्ताकभाईंना मी तीनदा निरोपाचं जेवण घातलं.

मुश्ताकभाई रत्नागिरीचे. आधी फुजैराच्या बंदरात लागले, मग रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात, मग इथल्या एका गॅरेजात. कुठेच टिकले नाहीत आणि उपाशीही राहिले नाहीत. इथे कुणी कायमचं गावी निघालं की ओळखीचे लोक त्याला जेवायला बोलावतात. मुश्ताकभाई दर शनिवारी कायमचे निघत. "भाभी, आता खलास. बस झालं गल्फ," म्हणत डोळे पुसत आणि पापलेटचा दुसरा तुकडा घेत. पुढे विमान का चुकलं, याचं कारण दर वेळी नवं असे.

"आई, ही इज अ फ्रॉड," माझी शुभ्रा म्हणे. मी तिलाच दटावत असे.

मग एका पिकनिकला आम्ही बायका जमलो आणि कळलं, या माणसाने सगळ्याच घरांतून निरोप घेतलाय. माझं डोकंच फिरलं. शिकवायचं भामट्यांबद्दल आणि वाढायचंही भामट्यालाच.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन. "भाभी, या वेळी सच्ची जातोय. गावी बायकोला, मैमुनाला सांगून ठेवलंय, इकडे माझी केवढी इज्जत आहे. कुणी एअरपोर्टला आलं, एखादा फोटो काढला, तर..." मी हसून फोन ठेवला. बाकीच्यांनी उचललाच नाही.

या वेळी मुश्ताकभाई खरंच गेले, आणि एकटेच गेले.

नंतर त्यांच्या बायकोचा, मैमुनाबींचा फोन आला. "ताई, हे म्हणतात, सोडायला वीस-पंचवीस माणसं आली होती. यांच्या थापा मला ठाऊक आहेत. फोटो मागितला तर म्हणतात, मोबाइल बंद पडला. तुम्ही शिकवणाऱ्या, खोटं बोलणार नाही. खरंच कुणी आलं होतं?"

 माझी जीभ सुटली ती सुटलीच. "वीस-पंचवीस? अहो, फुजैराहून गाडी भरून माणसं आली होती. आमची शुभ्रा तर रडून रडून बेजार."

शुभ्रा समोर बसून डोळे वटारत होती.

 मैमुनाबी फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाल्या, "ऐकलं मी. चुकलं माझं."

पलीकडे मुश्ताकभाई खोकले.