लूट म्हणण्याआधी

खैरे मॅडमच्या आणि माझ्या ओळखीची सुरुवात माझ्या आगाऊपणाने झाली. आकुर्डीच्या कॉलेजात पुरातत्त्वाच्या तासाला त्यांनी पडद्यावर एक गंजून हिरवं पडलेलं पितळी बक्कल दाखवलं. होतं रोमन सैनिकाच्या कमरपट्ट्याचं. पण सापडलं साम्राज्याच्या सीमेपलीकडे, एका जर्मानिक टोळीतल्या शेतकऱ्याच्या घराच्या जागेवर. "तिथं कसं आलं असेल?" मॅडमनी विचारलं. मागच्या बाकावरून मी ओरडलो, "ढापलं असेल!" वर्ग फिदीफिदी हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "असेलही. पण आधी बक्कल नीट बघा, मग त्या माणसाला चोर म्हणा."

मॅडमचं सगळं संशोधन या एका वाक्यात आलं. तरुणपणी जर्मनीत राहून त्यांनी अशा वस्तू अभ्यासल्या. वस्तू झिजली आहे का, दुरुस्त केली आहे का, घरात कुठे पडली होती, हे विचारल्याशिवाय त्या 'लूट' हा शब्द लिहूच देत नसत. लूट असेल, वितळवायला आणलेलं भंगार असेल, नाहीतर रोमन सैन्यात नोकरी करून गावी परतलेल्या कुणाची आठवणही असेल. पुढे त्यांच्याच हाताखाली लिहिलेल्या माझ्या प्रबंधातला तो शब्द त्यांनी इतक्यांदा खोडला, की मला स्वप्नातही त्यांचं लाल पेन दिसे.

त्याच काळात बाबांची कंपनी बंद पडली. दापोडीच्या आमच्या घरात बाबा अगदी मुके होऊन बसले. त्यांचं पिवळं हेल्मेट खुंटीवर होतं. आईने त्यात कपड्यांचे चिमटे भरले. मामा येताजाता टोमणा मारायचे, "कंपनीचा माल ढापला व्हय, दाजी?" शेवटी कटकट नको म्हणून आईने हेल्मेट भंगारात द्यायचं ठरवलं. नेमक्या त्याच आठवड्यात मॅडम आमच्याकडे जेवायला आल्या.

चिमटे बाजूला काढून त्यांनी हेल्मेट हातात घेतलं. हनुवटीखालचा पट्टा बाबांनी नाडी लावून शिवला होता. त्यावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "दादा, हे कधी शिवलंत?"

आणि काय सांगू, बाबा बोलले! "ड्युटीवरच. नवीन मिळत हुतं, पण ह्ये डोक्याला बसल्यालं. कंपनी ग्येली, मॅडम. मी तिथं हुतो, ह्ये आता कशावरनं सांगू?" मग ते थांबेचनात. ताटातली भाकरी गार झाली, आईने डोळ्यांना पदर लावला.

निघताना मॅडम आईला म्हणाल्या, "वहिनी, या हेल्मेटवरून रोमन काळातलं काही सिद्ध होत नाही हं! पण हे भंगारात देऊ नका. चिमट्यांना मी डबा पाठवते." आणि खरंच पाठवला. हेल्मेट आजही खुंटीवर आहे.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा बाबा मला घेऊन त्यांच्या घरी गेले. "कॉलेजातनं काय आणलंत?" बाबांनी मॅडमना दरडावूनच विचारलं.

"काहीच नाही हो, दादा."

बाबांनी माझ्या पाठीत धपका घातला. "मग ह्ये काय हाय?"

मॅडम, आज तुमची पंचाहत्तरी झाली, आता ठणठणीत तब्येतीने शंभरी गाठा. आम्ही सगळे विद्यार्थी तुमच्याच खुंटीवर आहोत. थोडे झिजलेले, ठिकठिकाणी तुम्हीच शिवलेले. भंगारवाला दारात कितीही ओरडला, तरी आम्हाला देऊ नका.