सरांनी खोडलेला शब्द

"बडगीला हात लावू नको!"

सर ओरडले. भाजून सोललेली वांगी लाकडी बडगीत पडली होती. ती ठेचायला मी दांडका उचलला होता. एवढंच.

भुसावळजवळ सरांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. सकाळपासून कपाशीच्या काड्या पेटवून वांगी मीच भाजत होतो. भाजताना माझे हात चालले. साल निघून जाते ना! आतल्या गराला माझे हात चालत नव्हते.

एका पाहुण्या प्राध्यापकानं विचारलं, "हा कोण, सर?"

"आपलाच जुना विद्यार्थी. कोट्यातला आहे, पण कामाला वाघ!"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

हसलो, कारण मला शिफारसपत्र हवं होतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत अर्ज करायचा होता. सोमवार शेवटचा दिवस. गावी, सोनगीरला, माझे आबा नेहमी सांगायचे, "तुना सर मोठा माणूस शे. त्यासले धरी ऱ्हाय." धरून राहिलो. एम.ए. झाल्यावर चार वर्षं. सरांच्या वाट्याच्या उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांचे लेख टाइप केले. त्यांच्या मुलीच्या लग्नात उन्हात उभं राहून गाड्या लावल्या. सल्ला मागायला गेलो की सर काम सांगायचे. त्याला मी नातं समजत होतो.

पंगत उठल्यावर मी कागद पुढे केला. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं त्यांनीच सांगितलं होतं. मी लिहिलं होतं, 'स्वतंत्रपणे विचार करण्याची क्षमता.'

सरांनी 'स्वतंत्रपणे' वर रेघ मारली. मग पूर्ण ओळच खोडली. वर लिहिलं, 'आज्ञाधारक.'

"स्वतंत्र वगैरे नको रे. त्यांना वाटेल, हा डोक्यावर बसेल. तुमच्या लोकांचं आज्ञाधारकपण हेच भांडवल."

हेच सर जयंतीला आमच्या वस्तीत येऊन समतेवर बोलायचे. टाळ्या आम्हीच वाजवायचो.

"सर, मी आज्ञाधारक नाही."

त्यांनी पेन थांबवलं. "मग पत्र विसर."

"विसरलो."

कागद त्यांच्या हातातच ठेवला आणि चालत हायवे गाठला. भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू?

सोमवारी अर्ज भरला. 'शिफारसपत्र जोडले आहे का?' नाही. 'कारण?' तिथं 'तुमच्या लोकांचं आज्ञाधारकपण हेच भांडवल' हे सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. त्यांचं नाव, हुद्दा, कॉलेज लिहिलं. खाली माझी सही.

मित्र म्हणाला, "येडा झाला का भाऊ? अर्ज बाद होईल. जिल्ह्यात कुठं नोकरीला उभं करणार नाहीत तुले."

होऊ दे बाद. कारण लेखी मागेन. दिलं नाही तर संस्थेच्या दारात बसेन. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन आणि त्या रकान्यात पुन्हा हेच लिहीन.