नंबराच्या खुर्चीपुढचं गोणपाट

नारायणगावात तमाशाचा जुना वग पुन्हा उभा राहणार हे कळल्यापासून आमच्या तमाशाप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणं पेटली होती. त्यात नाचणाऱ्या नव्या पोरीला आमच्या तरुणपणीच्या नायिकेची सर येणार नाही, असं मी ठणकावून लिहिलं होतं. तरी ऑनलाइन तिकीट काढून गेलोच. माझ्या शेजारच्या सीटचे म्हातारबाबा नंबराची खुर्ची सोडून खाली गोणपाटावर बसले होते. गोणपाटाला कांद्याचा वास होता. लहानपणी तंबूत यायचा तसाच.

"बाबा, खुर्ची आहे की!"

"आसंल. तमाशा खालनंच बघायचा, राव."

नव्या पोरीला आमच्या नायिकेची सर नाही, असं मी त्यांनाही म्हणालो. ते हसले. "तुमची ती पयल्यांदा नाचली, तवा आमी म्हणलो व्हतो, आधीच्या बाईची सर हिला न्हाई."

सरकून त्यांनी जागा केली. ढोलकी कडाडली, पोर आली. पहिली शिट्टी बाबांची होती, दुसरी माझी.