चिंधीचं माप

१४ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी लेकीकडून परतले. जिन्यातच कळलं, मास्तर गेले. पाच दिवस झाले. चिंधीने तेव्हापासून अन्नाला तोंड लावलेलं नाही.

मास्तर म्हणजे आमच्या जिन्याखालच्या दुकानातले शिंपी. नऊ वर्षांपूर्वी कापडाच्या तुकड्यांच्या पोत्यात त्यांना कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं, म्हणून ती चिंधी. पहिल्याच दिवशी मी हौसेने दूध-पाव पाठवला. दुसऱ्या दिवशी पिल्लाचं पोट बिघडल्याची बातमी आणि मास्तरांचा टोमणा एकदमच वर आले.

“बाई, कॉन्व्हेंटात तुम्हाला सगळं शिकवलं, कुत्र्याचं पोट तेवढं राहिलं.”

डॉक्टरांनी दूध बंद केलं. मऊ भात, कुस्करलेलं अंडं, दिवसातून चार वेळा. किती घालायचं हे मात्र मास्तर आपल्या पद्धतीने ठरवत. दर रविवारी गळ्यातली टेप काढून पिल्लाची छाती मोजत आणि खालून ओरडत, “बाई, लिहा. साडेअकरा. भात वाढवतो.” मी डायरीत लिहून ठेवी. चार वेळांच्या तीन झाल्या, वर्षाने दोन. छाती चोविसावर थांबली तेव्हा म्हणाले, “झालं. आता गिऱ्हाईक पक्कं.”

पुढे मागच्या गल्लीत कुणीतरी विष घातलं, तीन कुत्री मेली. तेव्हापासून मास्तरांनी तिला शिस्त लावली. वाडगा पुढे ठेवला की बसायचं. त्यांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं पितळी अंगुस्तान वाडग्याच्या काठावर दोनदा वाजवल्याशिवाय तोंड घालायचं नाही. मी वर खिडकीत बसून ती टकटक रोज ऐकत असे.

आज खाली गेले तर एरवी दुकानाकडे न फिरकणारी मास्तरांची बायको चिंधीपुढे फतकल मारून बसली होती.

“खा गं बये. मीसुद्धा दोन घास गिळलेत, तू कशाला मला लाजवतेस?” मला पाहून म्हणाली, “काकू, नुसत्या पाण्यावर आहे. अशीच राहिली तर दोन दिवसही काढणार नाही म्हणतात डॉक्टर.”

“मास्तरांचं अंगुस्तान कुठंय?”

“त्यांच्या बोटातच गेलं. मीच काढू दिलं नाही कुणाला.”

मी वर गेले. शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टरांनी दिलेलं माझं अंगुस्तान बटणांच्या डब्यात होतं. बोटांचे सांधे सुजलेत, करंगळीतच जेमतेम शिरलं. खाली येऊन वाडग्यावर दोनदा वाजवलं.

चिंधी ताडकन उठली. वाडग्याकडे पाहिलंच नाही. मशीनमागे गेली, स्टूल हुंगलं, कपडे घालून बघायच्या पडद्याआड डोकावली. परत येऊन माझं बोट हुंगलं. मग सावकाश खायला लागली.

“एवढंच होतं होय?” मास्तरांची बायको म्हणाली. “नऊ वर्षांत बोलले नाहीत कधी.” आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

मला मात्र चिंधीकडे बघवेना. आपण तिला फसवलं असं वाटत राहिलं. खुंटीवरची टेप काढून छाती मोजली. आज खालून कुणी ओरडून सांगणार नव्हतं.

छाती बावीस. उद्यापासून सकाळी एक वाटी तांदूळ जास्त धुवायचा.