वहिनीची बिनघंटेची शाळा

आधीच सांगून टाकते, मी जळते. वहिनीवर नाही, तिच्या पोरांवर. बोधी सात वर्षांचा, पूर्वी पाच वर्षांची, आणि मी वीस वर्षांची घोडी, टीवायला, मराठी घेऊन बीए करतेय, आणि या दोघांवर जळते. हसायचं तर हसा.

उत्पला वहिनी म्हणजे माझ्या दादाची, राजरत्नची बायको. माहेर कॉटन ग्रीनचं, वडील गोदामात हमाली करायचे. लग्नाआधी ती एका बालवाडीत मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, चपला जोडीने लावायच्या. शिकवायचं काम दुसऱ्या बाईंचं. पण ही नाकं पुसता पुसता बघत बसायची आणि तेवढ्यात सगळं शिकली.

आमच्या नायगावच्या चाळीत ती लग्न करून आली तेव्हा मी सहावीत होते. एक खोली, त्यात आई, अण्णा, दादा, मी आणि आता ती. पहिली दोन वर्षं ती माझी होती. सिरीयसली, माझी. माझ्या वेण्या ती घालायची, वह्यांना कव्हर ती घालायची, भाजीच्या करंडीतल्या काड्यांचं घर करून दिलं होतं तिने मला, खिडक्या उघडायच्या त्याच्या. मग बोधी झाला. मग पूर्वी. आणि मी एकदम 'मोठी' झाले. कोणी विचारलं पण नाही.

आता अण्णांचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील, भिवा नाव त्यांचं, स्वतः चौथी शिकलेले, आणि म्युनिसिपाल्टीच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई. घंटा तेच वाजवायचे. "माझी घंटा एक मिनिट लेट नाय झाली कधी," हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं आहे, रोज लागतं. मला ताप असला तरी शाळेत न्यायचे. आई म्हणायची, अहो अंग भाजतंय तिचं. अण्णा म्हणायचे, "ताप घरी झोपून पण उतरतो, शाळेत बसून पण उतरतो."

अशा माणसाच्या घरात वहिनीने पोराला शाळेतून काढला.

झालं असं की बोधी सीनियर केजीला होता, इंग्लिश मीडियम, दादाने ओव्हरटाईम करून घातला होता. हळूहळू पोरगा बोलायचाच बंद झाला. रोज पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची. वहिनी मोरीत ओतायची आणि म्हणायची, विसरला असेल. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी तिने त्याला जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, "पाणी प्यायलं की सू लागते. सू लागली की विचारावं लागतं. इंग्लिशमध्ये. मला येत नाही." वहिनीने ती बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी त्याला उठवलंच नाही शाळेसाठी.

घरात जे भांडण झालं ना! अण्णा भिंतीकडे बोट दाखवून ओरडले. "माझ्या बापाला शाळेच्या दारात उभं करत नव्हते. भिंतीवर फोटो कोणाचा आहे बघ जरा. शिका म्हणून सांगितलं आपल्याला. आणि आपल्याच घरातलं पोर शाळेबाहेर?"

"अण्णा, मी शाळा बंद करतेय. शिकणं नाही."

"घरात बसून कोण शिकलंय?"

"मी शिकवते ना."

"तू? तू बारावी!"

"आणि तो केजीतला आहे, अण्णा. मी पुढे आहे त्याच्या."

दादा म्हणाला, बघू. दादा नेहमी बघू म्हणतो. आईला फक्त एकच टेन्शन, शेजारच्या राधाबाईंना काय सांगायचं.

शेवटी अण्णांनी अट घातली. आमच्या चाळीत जयंतीला मैदानात स्टेज लागतो आणि लहान पोरांची भाषणं होतात. आमच्याकडे खरी परीक्षा तीच. मार्कशीट कोणी बघत नाही, पण कोणाचं पोरगं अडखळलं हे पुढची जयंती येईपर्यंत लक्षात ठेवतात. मी सहा वर्षांची असताना पहिलं बक्षीस घेतलं होतं, स्टीलचा डबा. धावत अण्णांकडे गेले तर म्हणाले, "एक ओळ गाळलीस." बस. एवढंच.

तर अट अशी, वर्षभर घरी शिकव, पण एप्रिलमध्ये जयंतीला बोधी भाषण करेल, सगळ्या चाळीसमोर, न बघता. केलं तर पोरं घरी. नाही केलं तर जूनमध्ये दोघं पण शाळेत, आणि मग तोंड उघडायचं नाही.

वहिनी म्हणाली, "चालेल."

आणि सुरू झाली तिची शाळा. दादा कामावर गेला की अंथरुणं खाटेखाली सारायची, केर काढायचा आणि गॅसवर चिकटवायला कणकेची खळ शिजवायची. वाटीभर गरम खळ म्हणजे शाळा भरली. घंटा नाही काही नाही. विकतचं तिथे काहीच नव्हतं. चाळभरच्या लग्नपत्रिका गोळा करून त्यांचे आकार कापायचे, त्यावर अक्षरं, त्यांची पाकिटं, पाकिटांचे पक्षी. टेलरकडचे कापडाचे तुकडे. आमटीतून निघालेले चिंचोके धुऊन मोजायला. कुकरची शिट्टी झाली की पूर्वीने भिंतीवर खडूने रेघ मारायची. मसाल्याच्या दिवसात दोघांना घेऊन चालत लालबागला गेली, मिरचीच्या दुकानात बोधीला वजन करायला लावलं, पाव किलो ही, अर्धा ती, मिळून किती? दुकानदार वैतागला. "ताई, गिऱ्हाईक थांबलंय मागे!" वहिनी म्हणते, "थांबू दे ना भाऊ, त्याला पण बेरीज येईल." आल्यावर तिघं शिंकत होते आणि हसत होते आणि बोधी मला सांगत होता, "आत्या, बेडगी हलकी असते, पिशवी मोठी दिसते पण फसवते."

मी कॉलेजला जायला तयार होत असायची आणि हे सगळं माझ्या पायात. माझी ओढणी खळीत. आणि आत काहीतरी नुसतं जळायचं. मला का नाही मिळालं हे? मला पाढे मिळाले आणि धपाटे मिळाले.

पण खरं मला तोडलं ते एका सकाळी. अण्णा रोज वहिनीच्या या शाळेकडे पाठ करून पेपर वाचायचे, मुद्दाम. त्या दिवशी पूर्वी पुठ्ठ्याची बस बनवत होती. चाक चिकटेना. ती सरळ उठली, अण्णांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या चाकावर ठेवलं. "आजोबा, खळ सुकेपर्यंत हलायचं नाही हां."

आणि अण्णा हलले नाहीत! दहा मिनिटं! पेपर मांडीवर पडलेला, आणि माझा बाप, एक मिनिट लेट न होणारा, पुठ्ठ्याच्या चाकावर बोट दाबून बसलेला. वर विचारतो काय, "काढू का गं आता?"

मी चप्पल घातली आणि निघाले. जिन्यात रडले. माझ्या एका तरी वहीवर कधी बोट ठेवलं होतं का त्यांनी?

त्याच आठवड्यात वहिनी म्हणाली, "प्रिती, बोधीचं भाषण तू लिहून दे ना. तू मराठीवाली. माझं काय, मी साधंच लिहीन."

मी हो म्हणाले. लायब्ररीत बसून वीस मिनिटांत लिहिलं, फोनवर, अंगठे दुखेपर्यंत. आणि मला माहीत होतं मी काय करतेय. आत्ता खोटं नाही बोलणार. 'विषमतेच्या पाषाणहृदयी अंधःकारात प्रज्ञेचा प्रदीप प्रज्वलित करणाऱ्या युगप्रवर्तकास' असं सुरू होतं ते, आणि पुढे अजून वाईट. सात वर्षांचं पोरगं, ज्याला चिंचोक्यांनी मोजायला येतं, त्याला मी हे दिलं. मला तो पडायला हवा होता. जूनमध्ये दप्तर अडकवून जाऊ दे ना, आम्ही नाही गेलो?

मी कागदावर उतरवून दिलेलं वहिनीने वाचलं. माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाली, "छान लिहिलंयस."

महिनाभर तो पाठ करत होता. 'पाषाण'साठी तिने त्याला नळाखाली धुतलेला एक खरा दगड आणून दिला, 'प्रदीप'साठी पुठ्ठ्याची पणती. शब्दाला एक वस्तू, अशा रांगेत मांडायच्या आणि बोट लावत बोलायचं. घरात त्याला यायला पण लागलं होतं. मी घाबरले होते, खरंच, की हा जिंकणार.

जयंतीच्या संध्याकाळी मैदान फुल. सगळे पांढऱ्या कपड्यांत, आईने ठेवणीतली साडी काढलेली. बोधीचं नाव पुकारलं. तो गेला, माईक खाली ओढला, "जय भीम," म्हणाला, टाळ्या. "आदरणीय व्यासपीठ," बरोबर. "विषमतेच्या पा..." आणि थांबला. समोर ना दगड ना पणती. बोट हवेत फिरत होतं त्याचं. "विषमतेच्या पा... पा..." मागून कोणीतरी हसलं. मग माईकमधून सगळ्यांना त्याचा श्वास ऐकू यायला लागला, हुंदक्याचा. वहिनी उठली, स्टेजवर चढली आणि त्याला कडेवर घेऊन खाली आली. सात वर्षांचा घोडा, पाय लोंबत होते.

राधाबाई आईला म्हणाल्या, "शाळेत घातला असतात तर..." आईने पदर तोंडावर घेतला. अण्णा सरळ समोर बघत बसले.

मला वाटलं होतं मला मस्त वाटेल.

सकाळी वहिनीने गॅसवर खळ ठेवली नाही. पुठ्ठे सरळ करून सुतळीने बांधत होती, रद्दीत द्यायला. दादाकडे जन्मदाखले मागितले. शब्द म्हणजे शब्द, ती पाळणारच. पूर्वी तिची बस पोटाशी धरून कोपऱ्यात. आणि बोधी माझ्याकडे आला, मी केस विंचरत होते, आणि म्हणाला, "आत्या, सॉरी. मी तुझं भाषण खराब केलं."

माझ्या हातातून कंगवा पडला.

"मी मुद्दाम अवघड लिहिलं," मी ओरडलेच. "अण्णा, मी मुद्दाम लिहिलं. त्याला जमू नये म्हणून. ते त्याच्या वयाचं नव्हतंच."

आई फक्त "अगं बाई" म्हणाली. वहिनीने सुतळी खाली ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग बदललं का नाहीस?"

"बदललं होतं. सोपं करून दिलं त्याला. ऐकेना. म्हणे आत्याने लिहिलंय, तेच बोलणार." मग आवाज चढला तिचा, पहिल्यांदाच. "माझ्यावर जळ ना प्रिती, मला मार दोन. पोराच्या तोंडात दगड का घातलेस?"

मी कंगवा उचलायला खाली वाकले.

अण्णा उठले. "कागद आण," म्हणाले. बोधीने उशीखालून काढून दिला, घडी घालून घालून मऊ झालेला. अण्णांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "विषमतेच्या पाषा... पाषाणह्र... हृ..." परत पहिल्यापासून. परत तिथेच. तिसऱ्या वेळी कागद खाली केला.

मी त्यांना कधी अडखळताना बघितलं नव्हतं.

"आमच्या शाळेत एकदा," ते हळू म्हणाले, "तिसरीच्या वर्गाला पाचवीचा पेपर वाटला गेला. पोरं रडायला लागली. हेडबाईंनी मला सांगितलं, भिवा, घंटा दे. मी म्हटलं, अजून वेळ आहे बाई. म्हणाल्या, पेपरच चुकला तर परीक्षा कसली? दे घंटा." चष्मा काढला. "तशी घंटा मी एकदाच दिली. वेळेच्या आधी."

दादा म्हणाला, "म्हणजे अण्णा?"

"म्हणजे हा निकाल धरायचा नाही. पुढच्या जयंतीला परत. आणि त्याचं त्याने लिहायचं. तोपर्यंत पोरं घरी." मग वहिनीकडे न बघता, "बांधलेलं सोड ते."

वहिनीने सुतळी सोडली. डोळे पुसले नाहीत तिने, तसेच वाहू दिले, आणि गॅस पेटवला.

मला वाटलं आता मला घराबाहेर काढतील. कोणी काढलं नाही. तेच जास्त लागलं. मी भिंतीला टेकून बसले, कॉलेज गेलं खड्ड्यात. अण्णा बोधीला मांडीशी घेऊन म्हणत होते, "चल, तो एक शब्द तरी शिकू दोघं. दगड कुठंय तुझा?" आणि खरं सांगू? तेव्हा पण जळले मी. इतकं सगळं करून पण.

वहिनी आली, माझ्यासमोर पत्रिकांचा गठ्ठा आणि कात्री आपटली. "बसून राहू नकोस. त्रिकोण काप. वीस."

अजून नीट बोलत नाही ती माझ्याशी. पण मी कापायला लागले. एकही त्रिकोण सरळ येईना. अण्णांनी बोधीच्या डोक्यावरून वाकून बघितलं.

"वाकडं कापतेयस," ते म्हणाले. आणि मग पुढे सरकून पत्रिकेचं दुसरं टोक बोटाने दाबून धरलं. "हं. आता काप."